अ‍ॅप काढलं तरी पैसे कापले जातायत? ऑटोपे असा बंद करा

गेल्या महिन्यात नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या मावशीने बँकेतून पासबुक छापून आणलं आणि थेट माझ्यापुढे धरलं. दर तीन महिन्यांनी २९९ रुपये, असे तीनदा गेलेले. समोर कंपनीचं नाव होतं, पण तिच्या ओळखीचं नव्हतं. "अगं, मी कुणालाच दिले नाहीत," ती सारखी म्हणत होती. अर्ध्या तासाने उलगडा झाला. मागच्या वर्षी तिने भजनांचं एक अ‍ॅप १ रुपयात सात दिवस वापरून पाहायला घेतलं होतं. आवडलं नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी फोनमधून काढूनही टाकलं होतं.

घोळ इथेच होतो. अ‍ॅप काढल्याने फोनमधली जागा मोकळी होते, बाकी काही होत नाही. पैसे आपोआप कापण्याची परवानगी, म्हणजेच ऑटोपे, अ‍ॅपमध्ये नसतेच. ती तुमच्या यूपीआयवर, कार्डावर किंवा प्ले स्टोअरच्या खात्यावर असते. तो १ रुपया देताना पिन मागणाऱ्या पानावर बारीक अक्षरांत जास्तीत जास्त रक्कम, किती दिवसांनी कापायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लिहिलेलं असतं. मावशीने पिन टाकला होता तो ९९९ रुपयांपर्यंतच्या परवानगीसाठी.

परवानगी कुठे आहे ते आधी शोधा

पासबुकातली किंवा स्टेटमेंटमधली नोंद नीट वाचा. तिथे यूपीआय लिहिलंय की कार्ड, ते बघा. नाव अनोळखी असलं तरी घाबरू नका. अ‍ॅपचं नाव एक आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव वेगळंच, असं सर्रास असतं.

यूपीआय असेल तर ज्या अ‍ॅपमधून पैसे दिले होते (फोनपे, गुगल पे, भीम) त्यात प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवा आणि 'ऑटोपे' शोधा. चालू असलेल्या सगळ्या परवानग्या तिथे दिसतात. नको ती उघडा, रद्द करा, पिन टाका. घरात दोन-तीन पेमेंट अ‍ॅप असतील तर प्रत्येकात जाऊन बघा. मावशीची परवानगी ती आता वापरतही नसलेल्या अ‍ॅपमध्ये सापडली.

कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये 'ई-मँडेट' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' बघा. सापडलं नाही तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइल, मग 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव, मग 'सबस्क्रिप्शन्स'.

एवढ्यावर थांबू नका. त्या कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून सबस्क्रिप्शनही रद्द करा. नुसता ऑटोपे बंद केला तर पैसे जायचे थांबतात, पण कंपनीच्या दप्तरी तुम्ही ग्राहकच राहता आणि बाकी मागणारे मेसेज सुरू होतात. दोन्हीकडच्या 'रद्द झालं' या पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. 'रिफंडसाठी हे अ‍ॅप घ्या, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे परत घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

गेलेले पैसे

प्ले स्टोअरवरून गेले असतील तर ४८ तासांच्या आत गुगलकडेच रिफंड मागा. नंतर बहुतेक वेळा अ‍ॅपवाल्यांकडे जावं लागतं. इतर ठिकाणी कंपनीला ईमेल करा. लांबलचक नको: "अमुक तारखेला माझ्या खात्यातून २९९ रुपये कापले गेले. मी ही सेवा वापरलेली नाही. सबस्क्रिप्शन रद्द केलं आहे, स्क्रीनशॉट सोबत आहे. रक्कम परत करावी." एवढं पुरे.

नियमही तुमच्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं आणि परवानगी केव्हाही मागे घेता येते. मावशीच्या फोनमध्ये असे तिन्ही मेसेज होते, कर्जाच्या जाहिरातींच्या ढिगात, न वाचलेले. आगाऊ कळवलंच नसेल तर तसं बँकेला लेखी कळवा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

सबस्क्रिप्शन रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणाऱ्या कंपन्याही आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. मराठीत बोला.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला नाशिकमध्येच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. २९९ रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण लोक सोडून देतात, त्याच भरवशावर ही कापाकापी चालते.

मावशीला शेवटच्या हप्त्याचे पैसे आठ दिवसांत परत आले. आधीच्या दोन हप्त्यांची तक्रार १९१५ वर नोंदवली आहे. त्या तक्रारीचा डॉकेट नंबर मावशीने पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.