पेपरमिंट तेलाची कॅप्सूल चावू नका
पोटात मुरडा येतो तेव्हा आतड्याच्या भिंतीतले अनैच्छिक स्नायू आवळलेले असतात. हे आवळणं पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमवर चालतं; पेपरमिंट तेलातलं मेंथॉल नेमकी तीच वाट अडवतं आणि स्नायू सैल पडतो. पण मेंथॉल जागा बघून काम करत नाही! अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही ते ढिली करतं, मग आम्ल वर येऊन छातीत जळजळ. म्हणून तर या कॅप्सूलवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. ती चावू नका, फोडू नका. अँटासिडसोबतही घेऊ नका, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की आवरण तिथेच विरघळू शकतं. आधीपासून जळजळीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे तेल नकोच.