पुरात चालणारी सोलर: घराचं बेट कसं करायचं

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. कोल्हापुरातल्या आमच्या रमणमळ्यात खालचा मजला पाण्यात होता आणि आम्ही सगळे वर. लाईट बंद केलेली होती, आणि ते बरोबरच होतं. पाण्यात उभ्या असलेल्या डीपीत वीज सोडायची नसते. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल संपलेलं, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही.

मग पाऊस उघडला आणि ऊन पडलं. समोरच्या गच्चीवर तीन किलोवॉटची सोलर होती. पॅनेल लख्ख चमकत होती आणि त्या घरात मोबाईल चार्ज करण्यापुरतीही वीज नव्हती. तिथल्या काकांनी गच्चीवरून मला हाक मारली, "ऊन पडलंय की ओ, मग हे चालू का हुईना?"

उत्तर मला माहीत होतं, पण मधे पुरुषभर पाणी. जे तेव्हा करता आलं नाही ते आता सविस्तर लिहितोय. पंचगंगा, कृष्णा, वारणाकाठी राहणाऱ्यांनी तरी हे शांतपणे वाचावं आणि उन्हाळ्यातच कामाला लागावं.

आधी माझा अनुभव सांगतो. मी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात, स्विचयार्डात, बावीस वर्षं काढली. त्यानंतर दोन वर्षं मॉरिशसला एका कारखान्याच्या पॉवरहाऊसवर कंत्राटी कामाला जाऊन आलो. आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. तिथला जूनअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपतो, कारण ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळं इथला हंगाम संपवून तिथला गाठता येतो.

काकांची सोलर का चालली नाही

गच्चीवरची साधी ऑनग्रीड सोलर स्वतःच्या पायावर उभी नसते. तिचा इन्व्हर्टर महावितरणच्या लाईनचा 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा ताल धरून चालतो. लाईन गेली की दोनेक सेकंदांत तो मुद्दाम बंद पडतो. तसा नियमच आहे. तो चालू राहिला तर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि लाईन मेलेली समजून खांबावर चढलेल्या वायरमनला बसेल. त्यामुळं हा दोष समजू नका. दोष एवढाच, की विकणारा हे सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

पुरात सोलर चालवायची असेल तर लाईन गेल्यावर घर लाईनपासून पूर्ण तुटायला हवं आणि आतल्या आत स्वतःचा ताल स्वतः धरायला हवा. आमच्या स्विचयार्डात याला 'मशीन आयलंडवर गेलं' म्हणायचे. बाहेरची लाईन ट्रिप झाली की ब्रेकर उघडतो, टर्बाईन एकट्या कारखान्याला वीज देत राहतं. त्या क्षणी कारखान्याचा लोड मशीनच्या ताकदीपेक्षा जास्त असेल तर फ्रिक्वेन्सी खाली येते आणि काही सेकंदांत सगळा अंधार. म्हणून आमच्या पॅनेलवर एक यादी चिकटवलेली असायची, काय कोणत्या क्रमानं बंद करायचं याची. कॉलनी पहिली. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप कधीच नाही.

घरासाठी तुम्हाला नेमकी अशीच यादी करायची आहे. पॅनेल, बॅटरी, कंपनी, किंमत हे सगळं तिच्यानंतर.

एक अख्खा देश हेच गणित सोडवतोय

मॉरिशस साधारण दोन हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चौथाईच्या थोडा वर. वस्ती बारा-तेरा लाख. सगळ्या देशाची कमाल मागणी पाचशे मेगावॉटच्या आसपास. आपल्या राज्याची पंचवीस हजाराच्या वर जाते. आणि समुद्राखालून दुसऱ्या कुठल्या देशाची तार आलेली नाही. आपल्याकडं तीस मेगावॉटचा संच ट्रिप झाला तर ग्रीडला पत्ताही लागत नाही. तिथं तो अख्ख्या देशाच्या सहा टक्के असतो. फ्रिक्वेन्सीचा काटा डोळ्यांदेखत खाली येताना मी पाहिलाय.

माझ्याबरोबर शिफ्टला एक जण असायचा. आडनाव मराठी, खापरपणजोबा रत्नागिरीकडून ऊसमजूर म्हणून गेलेले. घरी गणपती बसवायचा, गणेश चतुर्थीला तिथं देशभर सुट्टी असते. बोलणं मात्र क्रिओल, विजेला 'कुराँ' म्हणायचा. पहिल्याच आठवड्यात त्याला मी विचारलं, "एवढं ऊन, एवढा वारा, वर ऊस. मग कोळसा कशाला जाळता?" त्यानं मला उत्तर दिलं नाही, दिवसभराच्या लोडचा आलेख समोर ठेवला. दुपारी ऊन भरपूर. दिवस मावळल्यावर लोक घरी येतात, दिवे, टीव्ही, स्वयंपाक सुरू होतो. सातच्या सुमारास लोड चढतो आणि ऊन शून्य.

उसाचं तसंच. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हंगामातच मिळते. हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये जहाजानं आणलेला कोळसा टाकतात. शिवाय युरोपनं 2006 नंतर साखरेचा हमीभाव 36 टक्क्यांनी उतरवला, लोकांनी ऊस सोडला, तशी बगॅसही कमी झाली. बाम्बूस गावाजवळ 2014 पासून 15 मेगावॉटचं सोलर आहे. त्याच्यावर एक मोठा ढग आला तरी छोट्या ग्रीडला ते जाणवतं. असे धक्के सोसायला हेन्रिएटा आणि अमोरीच्या उपकेंद्रांत त्यांनी बॅटऱ्या बसवल्या. 2030 पर्यंत 60 टक्के वीज नवीकरणीय करायचं त्या देशानं ठरवलं होतं, पण अलीकडची गाडी पाचव्या हिश्श्याच्या आसपास अडलेली. बाकी कोळसा आणि जड तेल, तेही जहाजानं येणारं.

तिथं मला जे कळलं ते सांगतो. ऊन आहे का, हा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी सात वाजता काय, आणि सलग ढगाळ आठवड्यात काय, हे दोनच प्रश्न होते. पुरातल्या घराचे प्रश्नही नेमके हेच.

मोजणी: तीन दिवस, एक वही

संध्याकाळी सहाला मीटरचं रीडिंग लिहा, रात्री दहाला लिहा, सकाळी सहाला लिहा. असं तीन दिवस करा. बिलावर महिन्याची युनिटं असतात, पण रात्रीची किती ते बिल सांगत नाही, आणि बॅटरीला तर रात्रच पेलायची असते.

मग एकेका वस्तूचा लोड काढा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याशेजारी युनिटमागं किती लुकलुक ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर 3200. मिनिटभरातली लुकलुक मोजा, 60 नं गुणा, 3200 नं भागा, उत्तर किलोवॉटमध्ये. सोळा वेळा लुकलुकला तर 0.3 किलोवॉट. फ्रिज सुरू असताना मोजा, बंद करून मोजा, फरक तो फ्रिजचा. याला पैसे लागत नाहीत, वायरमन लागत नाही. आमच्या नातीनं एका दुपारी सगळं घर मोजून काढलं.

आता यादी. आमच्या घराची सांगतो. 9 वॉटचे चार दिवे पाच तास, म्हणजे 180 वॉट-तास. 30 वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आठ तास, 480. राउटर 150, चार मोबाईल 60. टीव्ही बातम्यांपुरता दोन तास, 120. फ्रिज रात्रीचा अंदाजे 500, कारण आईचं इन्सुलिन त्यात असतं. बेरीज 1490, म्हणजे दीड युनिट. इन्व्हर्टर मधे थोडं खातो, ते धरून सव्वासोळाशे-साडेसोळाशे.

पंखे जुने 75 वॉटचे असते तर हाच आकडा 720 नं वाढला असता. म्हणजे नुसत्या दोन पंख्यांसाठी बॅटरी जवळजवळ दीडपट. मी सगळ्यांना आधी पंखे बदलायला सांगतो ते यासाठी. पंख्याचे पैसे बॅटरीच्या पैशात कुठल्या कुठं वसूल होतात.

यादीच्या बाहेर काय ठेवलं तेही सांगतो, कारण भांडण तिथंच होतं. गीझर, इस्त्री, एसी, इंडक्शन बाहेर. मिक्सर फक्त उन्हात. पाण्याची मोटरही बाहेर. एक एचपीची मोटर चालताना किलोवॉटभर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका मारते आणि लहान इन्व्हर्टर तिथंच बसतो. पुरात टाकीत पाणी असलंच पाहिजे. त्यासाठी इशारा पातळीची, 39 फुटांची, बातमी आली की लाईन असतानाच टाकी, पिंप, कळशा भरून ठेवायच्या.

काय मागायचं

दुकानात गेल्यावर 'किती किलोवॉट' हे आधी बोलू नका. 'हायब्रिड इन्व्हर्टर, लाईन गेल्यावर पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा, बॅकअपचं आउटपुट वेगळं असलेला' असं सांगा आणि तेच शब्द कोटेशनवर लिहून घ्या. ऑनग्रीड बसवून झाल्यावर बॅटरी जोडायला गेलं की पुष्कळदा इन्व्हर्टरच बदलावा लागतो.

बॅटरीचं गणित सोपं आहे. 12 व्होल्ट, 150 एएच पाण्याच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरायची. म्हणजे आमच्या एका रात्रीला दोन लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेटची 48 व्होल्ट, 100 एएच म्हणजे साधारण पाच युनिट, त्यातली चार बिनघोर वापरता येतात. मी ती घेतली. उन्हाचा कवडसा नसला तरी दोन रात्री जातात.

पॅनेल तीन किलोवॉट. किलोवॉटला शंभर चौरस फूट गच्ची धरा, सावली नको. तोंड दक्षिणेला, कल पंधरा-सतरा अंश. (मॉरिशसला सगळी पॅनेल उत्तरेला तोंड करून बसलेली बघून पहिल्या दिवशी मला ती उलटी बसवल्यासारखीच वाटली.) माझ्या वहीत एप्रिलच्या चांगल्या दिवशी किलोवॉटमागं पाच युनिट आहेत आणि जुलैच्या झडीत जेमतेम एक. निर्णय त्या एकावर घ्यायचा. तीन किलोवॉटला झडीतही तीन युनिट आली, तर रात्रीचे दीड आणि दिवसाचा फ्रिज निघून थोडं उरतं.

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. ते पॅनेलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपला धरा.

बसवताना उभं राहून बघायचं

इन्व्हर्टर आणि बॅटरी कुठं? भिंतीवर 2019 ची पाण्याची खूण असेल. 2021 ला पुन्हा पाणी आलं तीही बघा. जी वर असेल तिच्या निदान तीन फूट वर सगळं बसलं पाहिजे, म्हणजे बहुतेक घरांत वरच्या मजल्यावर. जिन्याखाली नको, झोपायच्या खोलीत नको, आणि पॅनेलची डीसी वायर खालच्या मजल्यावरून फिरवून आणू देऊ नका.

डीबी (घरात वीज वाटणारी एमसीबींची पेटी) दोन करा. एक सगळ्या घराची, दुसरी फक्त यादीतल्या वस्तूंची, आणि ही दुसरीच बॅकअपवर. खालच्या मजल्याचे सगळे प्लग पहिलीवर, म्हणजे पाणी शिरायच्या आत एक एमसीबी पाडली की खालचा मजला मेला. इन्व्हर्टर बेटावर असताना न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं झालीय का ते विचारा, आणि मेन स्विच पाडलेला असताना आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) नुसत्या बटणानं नाही, टेस्टरनं पाडून दाखवायला लावा. लाईनवर ती पडते आणि बॅकअपवर पडत नाही, असं मी तीन घरांत पाहिलंय. ओल्या भिंतींच्या घरात यानं जीव जाईल.

आणि हात जोडून सांगतो, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर किंवा इन्व्हर्टर प्लगमध्ये कुणीही खुपसू नका. 'मेन बंद केलाय' म्हणतात. अंधारात, घाईत, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तो वर केला तर कमरेएवढ्या पाण्यातून आपल्यासाठी आलेला वायरमन गेला.

स्ट्रक्चर गरम जस्ताचा लेप दिलेलं, पाय काँक्रीटमध्ये पक्के; वळवाचा वारा पॅनेल खालून उचलतो. कारखान्याजवळ किंवा गुऱ्हाळाजवळ राहत असाल तर हंगामात काजळी बसते, ती आठवड्याला सकाळी गार असताना साध्या पाण्यानं पुसा.

रंगीत तालीम

मे महिन्यातला एक शनिवार धरा. संध्याकाळी सहाला मेन पाडा आणि रविवारी संध्याकाळी सहालाच वर करा. बॅटरीचे टक्के दर दोन तासांनी वहीत. पहिल्या वर्षी आमची बॅटरी पहाटे चारलाच निम्म्याखाली होती. शोधलं तर देवघरातला जुना बल्ब आणि सेटटॉप बॉक्स रात्रभर चालू. दोन्ही यादीत नव्हते, दोन्ही दुसऱ्या डीबीवर मात्र होते.

तालीम झाली की यादी मोठ्या अक्षरात लिहून डीबीच्या झाकणावर आतून चिकटवा. चाळीस टक्क्यांना टीव्ही बंद. तीसला एक पंखा. वीसला राउटर. शेवटपर्यंत चालू फक्त फ्रिज आणि एक दिवा. आमच्या झाकणावर आईनं स्वतःच्या हातानं वर आणखी एक ओळ लिहिलीय: समोरच्यांचे मोबाईल दुपारी बारा ते दोन.