काउंटरवर वय तपासताना या चुका टाळा

ओळखपत्र हातात येण्याआधीच पहिली चूक होते: सगळ्या मालाला एकच १८ लावायचं. महाराष्ट्रात विडी-सिगारेट, तंबाखूला १८ पूर्ण लागतात, बिअर-वाईनला २१, आणि व्हिस्की-रमला २५. बिअर शॉपीतून वाईन शॉपला आलेला पोऱ्या २१ च्या सवयीने क्वार्टर काढून देतो, मालकाला पत्ताही नसतो. दारू पिण्याचं एक दिवसाचं परमिट फाडलं म्हणजे वय तपासलं, हाही गैरसमजच.

मग कार्ड बघतात, पण तारीख बघत नाहीत. लायसन्स आहे म्हणजे अठरा झाली असणार? ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स १६ व्या वर्षी मिळतं. पॅन तर अल्पवयीन मुलाचंही निघतं. मतदार ओळखपत्राने १८ चा प्रश्न मिटतो, २१-२५ चा नाही.

तारीख बघूनही वजाबाकी चुकते, कारण सालातून साल वजा करतात आणि महिना राहतो. जन्म डिसेंबरचा असेल तर मार्चमध्ये गिऱ्हाईक २१ चं नाही, २० चंच आहे. रांग लागलेली असताना तोंडी हिशेब नकोच. शटर उघडलं की आजचीच तारीख २१ आणि २५ वर्षं मागची लिहून गल्ल्यापाशी चिकटवा. १० मार्च २०२६ असेल तर '१० मार्च २००५' आणि '१० मार्च २००१'. जन्म त्या दिवशीचा किंवा आधीचा असेल तरच माल. काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष आहे. तिथे ३१ डिसेंबर धरा.

मोबाईलमधला कार्डाचा फोटो चालवून घेऊ नका, त्यातला आकडा पाच मिनिटांत बदलता येतो. डिजिलॉकर समोर उघडायला सांगा. झेरॉक्स मात्र ठेवून घेऊ नका. बघायचं आणि परत द्यायचं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे 'बाबांनी पुडी मागवलीय' म्हणणारा शेजारचा बारा वर्षांचा मुलगा. बाबा ओळखीचे, उधारीची वहीही त्यांच्याच नावाची, म्हणून पुडी जाते. माल कोणासाठी आहे हे कायदा बघत नाही, हातात कोणाच्या दिला ते बघतो. २००३ च्या तंबाखू कायद्यातला २०० रुपयांपर्यंतचा दंड दुकानदारांना ठाऊक असतो. बाल न्याय कायदा, २०१५ चं ७७ वं कलम ठाऊक नसतं: मुलाला दारू किंवा तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाबांना फोन लावा, 'साहेब, तुम्हीच या' म्हणा. रागावले तर रागावू देत.

'काल तर दिलंत की!' यावर वाद घालू नका. 'कार्ड घेऊन या, लगेच देतो' एवढंच, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळा.

आणि गल्ल्यावर बसलेल्याचं वय? तंबाखूचा माल १८ खालच्या मुलाने विकायचाच काय, हाताळायचाही नाही. सुट्टीत पुतण्याला टपरीवर बसवणाऱ्यांनी आधी त्याचं कार्ड बघावं.