कामगारांचे हात डर्मोस्कोपने तपासताय? या चुका टाळा

बांधकाम साइटवरच्या आरोग्य शिबिरात हल्ली कुठेकुठे डर्मोस्कोप दिसतो. दहापट मोठं दाखवणारं, दिव्याचं भिंग. मोबाइललाही जोडता येतं. सिमेंटने त्वचा बिघडू लागली की नुसत्या डोळ्यांना चकवणाऱ्या खुणा त्यात सापडतात. पण नवशिके घाईघाईत नेमक्या त्याच खुणा पुसून टाकतात.

भिंग दाबू नका. सिमेंटने होणाऱ्या एक्झिमात, म्हणजे त्वचेच्या खाजऱ्या दाहात, बारीक ठिपक्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसतात, इथे चार, तिथे दोन अशा विखुरलेल्या. काच दाबली की त्यांतलं रक्त सरकतं आणि फोटो स्वच्छ येतो. पुण्याजवळच्या एका साइटवर शिबिर घेणाऱ्या मुलाने गवंड्यांच्या हातांवर भसाभसा जेल ओतलं, भिंग रोवलं आणि धडाधड फोटो काढले. रांग झटपट संपली, सगळे ‘नॉर्मल’. त्यातला एक जण जाताजाता मला म्हणाला, “मॅडम, रात्री हात लई खाजतात.” हात पुसून, कोरडा करून, पोलराइज्ड, म्हणजे त्वचेवरची चकाकी कापणाऱ्या, दिव्याखाली भिंग न टेकवता बघितलं. बोटांच्या बेचक्यात ठिपके होते आणि पांढुरके-पिवळे पापुद्रेही. जेलमुळे पापुद्रे पारदर्शक होतात, दाबाने वाहिन्या रिकाम्या होतात. मग दिसणार काय? पुढे पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ॲलर्जी बघतात त्या तपासणीत, त्याच्या पाठीवर पोटॅशियम डायक्रोमेटची जागा उठली. म्हणजे सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी. ती एकदा जडली की सहसा सुटत नाही, म्हणून लवकर सापडण्याला एवढी किंमत आहे. मी पहिला फोटो कायम कोरडा आणि न टेकवता काढते. जेल नंतर, तेही लागलंच तर.

कामावरून आल्या आल्या तपासू नका. उन्हाने त्वचा तापलेली असते, घाम असतो, नुकतंच हात धुतलेले असतात. पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसवा. क्रीम लावलंय का, हेही विचारा. तासाभरात अख्खी साइट उरकायची असेल तर शिबिर घेऊच नका.

लालीवर विसंबू नका. सावळ्या कातडीवर ती तपकिरी, जांभळट दिसते. शेजारच्या निरोगी त्वचेशी ताडून बघा.

तळहातावर अडकू नका. त्वचा न कापता आतले थर दाखवणाऱ्या महागड्या कॉन्फोकल मायक्रोस्कोपची नजरही जेमतेम 200 ते 250 मायक्रॉन, म्हणजे फार तर पाव मिलिमीटर, खोल जाते. घट्टे पडलेल्या तळव्यात ती वरच्या मेलेल्या थरातच संपते. बेचकी, मनगट, हाताची मागची बाजू बघा. ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर, म्हणजे जहाल क्षारासारखा असतो आणि हातमोज्यात शिरलेला गिलावा तिथेच त्वचा जाळतो.

फोटोत मोजपट्टी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना करता येत नाही.

फोटोवरून कारण ठरवू नका, मोबाइल ॲपने सांगितलं तरी. ॲलर्जी की नुसती जळजळ, हे पॅच टेस्ट आणि कामाची चौकशी सांगते.

आणि अहवाल आधी मुकादमाच्या हातात देऊ नका. हात खराब निघाला तर उद्यापासून काम बंद, ही धास्ती गवंड्यांना असते. मग ते हात लपवतात. आधी त्याला स्वतःला फोटो दाखवा, समजावून सांगा, आणि पुढे कोणाला कळवायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा.