रस्त्यात कुणी अंगावर आलं तर या चुका टाळा

रस्त्यात कुणी अंगावर धावून आलं, की पहिली चूक बहुतेक वेळा तोंडाने होते. ‘तू मला ओळखत नाहीस’, ‘काय करशील रे?’, ‘हात लावून तर दाखव!’ समोरच्याने घाबरावं म्हणून आपण हे बोलतो. पण चार लोकांदेखत असं ऐकल्यावर मागे हटणं म्हणजे त्याच्यासाठी नाक कापून घेणं. मग तो हात लावूनच दाखवतो, कारण आपण त्याला दुसरी वाटच ठेवलेली नसते.

‘शांत हो’ म्हणणंही त्यातलंच. तापलेल्या माणसाला तो हुकूम वाटतो. त्यापेक्षा आवाज खाली ठेवून दोन-चार शब्दांत आटपा: ‘माझं चुकलं, निघतो मी.’ आपली चूक नसताना हे म्हणणं जड जातं, खरंय. पण ती माफी कुठेही नोंदवली जात नाही, आणि तुम्हाला तिथून धडपणे निघायचं आहे, वाद जिंकायचा नाही. फक्त म्हणताना छद्मी हसू नका आणि निघताना शेवटचा टोमणा मारू नका. मिटत आलेली कितीतरी भांडणं त्या शेवटच्या वाक्यावर पुन्हा पेटतात.

सगळ्यांना एकच औषध

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अंगावर येणारे सगळे सारखे नसतात. एकाचा मान दुखावलेला असतो: धक्का लागला, गाडी आडवी आली, कुणी खुन्नसने बघितलं. तो आरडाओरडा करतो, छाती पुढे काढतो, कोण बघतंय याकडे त्याचं लक्ष असतं. त्याला मानाने माघार घेता येईल अशी संधी दिली, की तो बहुधा ती घेतो.

दुसऱ्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं, आणि तो बहुधा ओरडत नाही. वेळ विचारतो, पत्ता विचारतो, बोलता बोलता जवळ सरकतो, आजूबाजूला नजर टाकतो. त्याच्याशी भिडस्तपणे बोलत राहणं म्हणजे त्याला अंतर कमी करू देणं. इथे लवकर आणि स्पष्ट ‘नाही, तिथेच थांबा’ म्हणावं आणि चालू लागावं. कुणी उद्धट म्हणालं तर म्हणू दे. हत्यार दाखवून पाकीट किंवा फोन मागितला तर देऊन टाका. पण ‘गाडीत बस’, ‘तिकडे चल’ असं म्हणाला तर हिशेब बदलतो. त्याला तुम्हाला लोकांपासून दूर न्यायचंय. तिथे गेल्यावर सुटकेची शक्यता कमीच होणार, म्हणून ओरडणं, पळणं, झटापट करणं, जे काही करायचं ते इथेच करा.

अंतर आणि हात

वाद घालताना लोक नकळत पुढे सरकतात. हाताच्या टप्प्यात आलेल्या माणसाचा ठोसा दिसेपर्यंत लागलेला असतो. डेनिस ट्युलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली दाखवून दिलं, की चाकू घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेव्हा समोरचा दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. किमान दोन-तीन पावलांचं अंतर ठेवा, थोडं तिरकं उभं राहा आणि दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर उघडे धरा. बघणाऱ्याला हे ‘भांडण नको’ असं दिसतं, आणि वेळ आलीच तर हात तोंड वाचवायला जागेवर असतात. खिशात हात, हाताची घडी किंवा समोरच्यावर रोखलेलं बोट, तिन्ही वाईट. पाठ भिंतीला लागू देऊ नका, आणि त्यालाही मागे हटायला वाट मोकळी असू द्या.

चाकू हिसकावून घ्यायचे डाव रबरी चाकूवर छान दिसतात. खऱ्या चाकूसमोर पळण्याची वाट असेल तर पळा. मिरचीचा स्प्रे (पेपर स्प्रे) वाऱ्याच्या उलट दिशेने मारला तर आपल्याच डोळ्यांत येतो. बॅगेच्या तळाशी असेल तर तो नसल्यासारखाच, कारण भीतीने बोटं थरथरतात आणि साधी चेनही उघडत नाही. फोनचंही तसंच: आणीबाणीचा कॉल कोणत्या बटणांनी लागतो, ते आजच बघून ठेवा.

‘कुणीतरी येईल मदतीला’

जॉन डार्ली आणि बिब लटाने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना इंटरकॉमवर एका माणसाला झटका आल्याचं ऐकवलं. फक्त आपल्यालाच हे ऐकू येतंय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक त्याच्या मदतीला वेळेत उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटल्यावर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. म्हणून गर्दीला उद्देशून ‘वाचवा’ ओरडून थांबू नका. एकाला धरा: ‘निळ्या शर्टवाले, तुम्ही! पोलिसांना फोन लावा.’

धोका संपल्यावरचा फटका

तो पडला, पळाला, मागे हटला, की थांबा. स्वसंरक्षणाचा हक्क बहुतेक देशांच्या कायद्यात धोका असेपर्यंतच असतो आणि बळही धोक्याच्या मानानेच वापरायचं असतं. पुढची लाथ तुम्हालाच आरोपी करते. शिवाय एका ठोशानेही माणूस मरू शकतो: शुद्ध हरपून तो सरळ कोसळतो आणि डोकं रस्त्यावर आपटतं.

तिथून निघालात की परत जाऊ नका, ‘जाब विचारायला’ तर नाहीच. साक्षीदारांचे नंबर घ्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण लवकर मागा, काही दिवसांत त्यावर नवं चित्रण चढतं. अंगात जोश असेपर्यंत मार जाणवत नाही, म्हणून अंग चाचपून रक्त येतंय का ते बघा. डोक्याला लागलं असेल तर रात्री एकटं राहू नका. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात घोळ दिसला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.