जुन्या एक्सटीसाठी व्ही२० निवडताना

८०८८ प्रोसेसरवाला जुना पीसी-एक्सटी (आयबीएमच्या जुन्या एक्सटीच्या धर्तीचा संगणक) रेंगाळतोय, पण बोर्ड बदलायचा नाही? त्याच ४० पिनांच्या सॉकेटात एनईसी या जपानी कंपनीचा व्ही२० प्रोसेसर बसतो. वेग दुप्पट होत नाही, पण गुणाकार-भागाकार जास्त तिथे फरक छान जाणवतो.

इंदूरला जेल रोडवर शोधायला निघण्याआधी झाकण उघडून बघा:

१. चिप ८०८८च आहे ना? ८०८६ असेल तर एनईसीचाच व्ही३० लागेल.
२. टर्बोवर (जास्त वेगाच्या स्थितीत) बोर्ड किती मेगाहर्ट्झला चालतो? व्ही२०वर छापलेल्या ‘डी७०१०८’नंतरचा -८ किंवा -१० हा आकडा निदान तेवढा हवा.

घेताना कापसावर ॲसिटोन लावून चिप पुसा. काळा रंग कापसाला लागला, तर चिप रंगवून वर नवा आकडा छापलेला असू शकतो; घेऊ नका.

बसवताना चिपच्या टोकाची खाच जुन्या चिपच्याच दिशेला ठेवा. उलटी बसली तर चिप जळू शकते.