तान्ह्या पोळ्याचा नंदी सगळ्यांनी रंगवायचा तर

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी नंदी मिरवायचा आमचा विदर्भातला सण. पोळ्याआधीचे दोन रविवार मी नागपुरात आमच्या वस्तीच्या समाजभवनात दिव्यांग मंडळींसोबत लाकडी नंदी रंगवते. तुम्हालाही असं करायचं असेल तर आधी जागा बघा, रंग नंतर. दाराशी एक फूट उंची असेल तर व्हीलचेअरसाठी बारा फूट लांब उतार लागतो. फळी टेकवून भागत नाही. पहिल्या वर्षी आम्ही एका मुलाला खुर्चीसकट उचलून आत नेलं. त्याचा उतरलेला चेहरा मी विसरले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानलाय, उपकार नाही.

नंदीची चाकं काढून तो ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. ज्यांची पकड कमजोर आहे त्यांच्या ब्रशला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. न दिसणाऱ्यांसाठी झुलीच्या कडेने फेविकॉलने सुतळी चिकटवा. हे आदल्या रात्रीच करा, नीट वाळायला हवी. लाल डबीला एक रबरबँड, पिवळीला दोन, निळीला तीन. डब्यांचा क्रम बदलू नका. ऐकू न येणाऱ्यांशी बोलताना आपला चेहरा उजेडात ठेवा, आणि सांकेतिक भाषेचा जाणकार आधीच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचा हात धरून तुम्ही रंगवू नका. आईवडिलांनाही प्रेमाने बाहेर चहाला बसवा. शिंगं हिरवी झाली तर होऊ द्या.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी चाकं परत लावा अन् नंदीची दोरी ज्याची त्याच्याच हातात द्या.